जांभळा पॅड आणि देवकाबाईंचा अंगठा

मी एक पॅड आहे. लिहायचा नव्हे, अंगठे उठवायचा. पत्र्याची तळहाताएवढी डबी, आत जांभळ्या शाईत भिजलेलं फडकं आणि उघडताना कुरकुरणारं झाकण, एवढंच माझं रूप. पण गेल्या चार-पाच वर्षांत माझ्यावर जितके अंगठे टेकले, तितके हात एखाद्या पुढाऱ्यानं ऐन निवडणुकीतही जोडले नसतील.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळ स्टेशनरीचं एक दुकान आहे. तिथं आम्ही बारा भावंडं एका खोक्यात होतो. कुणी बँकेत गेलं, कुणी रजिस्ट्री ऑफिसात. मलाही तिकडेच जायचं होतं. जमिनीच्या कागदावर उमटण्याचा मान काही वेगळाच. मला मात्र नेलं अनुराधा मॅडमनी. त्या एका लॉ कॉलेजात शिकवतात आणि तिथलं विधी सहायता केंद्र चालवतात. दर शनिवारी विद्यार्थ्यांना घेऊन त्या गावोगाव जातात. सोबत फोल्डिंगचं टेबल, चार खुर्च्या, कोरे कागद आणि मी. कधी सावरगाव, कधी लोधीखेडा, कधी रामाकोन्याच्या पुढची गावं. पुस्तकात वाचलेला हक्क माणसाच्या तोंडून कसा ऐकायचा, हे तिथं शिकायचं असतं. मी मात्र खट्टू झालो होतो, खोटं कशाला बोलू.

हळूहळू रमलो. माणसांच्या सवयी मोठ्या गमतीच्या. अंगठा लावून झाला की बहुतेक जण शाई केसांना पुसतात; टक्कल असलेले इकडेतिकडे बघून खुर्चीला पुसतात. काही बाया अंगठा टेकवताना डोळे मिटून घेतात. आणि कायद्याची पोरं समोरच्याचा अंगठा असा धरतात, जणू कुलपात किल्ली फिरवायची आहे. मी लागलो की काम झालं, असं त्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. फार ताठा होता मला.

त्या पोरांत सौरभ होता. पांढुर्ण्याच्या एका मास्तरांचा मुलगा, दुसऱ्या वर्षाला. हुशार, मनाचा चांगला, अक्षर सुंदर, पण घाई भारी. एका शनिवारी रामाकोन्याच्या पुढच्या एका गावात देवकाबाई त्याच्यासमोर येऊन बसल्या.

“बाबू, कंट्रोलवाला गहू देऊन नाही राहिला,” त्या म्हणाल्या. कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. “तीन महिने झाले. मशीनवर अंगठा ठेवला का लाल बत्ती लागते. सात खेपा गेली मी. तो म्हणते, तू देवका नाहीच.”

घरी त्या आणि त्यांची लहानगी नात पूनम, दोघीच. तीन महिने शेजाऱ्यांच्या दाण्यांवर चूल पेटत होती.

सौरभला कळवळा आला, आणि तिथंच तो चुकला. आमच्याकडे सरकारी अर्ज हिंदीत लागतो. त्याच्या फायलीत एका आजारी म्हातारीचा जुना नमुना होता. तो समोर ठेवून त्यानं झरझर लिहिलं. ‘वृद्धावस्था के कारण मैं दुकान तक जाने में असमर्थ रही’ हे त्यातलं वाक्यही तसंच ठेवलं. वाचून साहेबांना दया येईल असं त्याला वाटलं. मग एका दमात सगळं हिंदीत वाचून त्यानं विचारलं, “समजलं ना, आजी?”

“हाव,” देवकाबाई म्हणाल्या. शिकलेल्या माणसाला लोक न समजताही म्हणतात तसं.

त्यांचा अंगठा माझ्यावर आला आणि मी माझी शाई दिली. कागदावर नुसता जांभळा डाग उमटला. शाई जास्त झाली असेल असं म्हणून सौरभनं तो कागद फायलीत घातला.

महिन्याभरानं उत्तर आलं. अर्जदार स्वतः दुकानात गेलीच नाही, सबब दुकानाचा दोष नाही. प्रकरण बंद. मॅडम सौरभवर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “हे त्यांना तू जाऊन सांगायचंस.”

तो गेला. मी त्याच्या पिशवीत होतो. देवकाबाईंच्या अंगणात बसून त्यानं स्वतःचाच अर्ज या वेळी मराठीत सांगितला.

“मी गेलीच नाही, असं लिहिलं हाय त्याच्यात?”

“हो, आजी.”

“अन् खाली अंगठा माहा?”

“हो.”

“मंग माह्या अंगठ्यानं खोटं सांगतलं.”

माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. तो डाग माझ्या शाईचा होता.

“चूक माझी आहे,” सौरभ खाली बघत म्हणाला. “साहेबांना तुमची दया यावी म्हणून लिहिलं मी.”

“दया काहून? गहू माह्या नावाचा हाय ना?”

त्यानं कोरा कागद काढला. देवकाबाई एकेक खेप सांगू लागल्या. पहिली पोळ्यानंतरच्या गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी, दुसरी सोयाबीन निघालं तेव्हा, अशा सातही. सौरभ एक वाक्य हिंदीत लिहायचा, मराठीत सांगायचा आणि मग विचारायचा, “आता तुम्ही सांगा, मी काय लिहिलं?” त्यांनी बरोबर सांगितलं की पुढचं वाक्य. दोन जागी त्यांनी त्याला खोडायला लावलं. दुपार सरली तेव्हा कुठे माझं झाकण उघडलं.

पुन्हा डागच उमटला. या वेळी मात्र त्यानं विचारून त्यांचा हात हाती घेतला आणि नीट पाहिला. बोटांवर रेघाच नव्हत्या.

“चाळीस वर्सं कापूस येचला, बाबू. बोंडाचे टोकं लागू लागू गेल्या त्या.”

इतके महिने मशीन हेच सांगत होतं, कुणी ऐकलं नव्हतं. सौरभनं कोऱ्या कागदावर दहाही बोटं उमटवून घेतली. दहा जांभळे डाग, एकातही रेघ नाही. तो कागद अर्जाला जोडला.

मंगळवारी सौंसरच्या सरकारी कचेरीत जनसुनवाई होती, साहेबांपुढे थेट तक्रार मांडायची. बोलल्या देवकाबाईच, सौरभ मागे उभा राहिला. साहेबांनी जुना अर्ज काढला. “पहले तो आपने लिखा था कि दुकान गईं ही नहीं. अब सात बार?”

देवकाबाई गोंधळल्या. सगळा हॉल त्यांच्याकडे पाहत होता. आता त्या खोट्या ठरल्या तर गहू कायमचाच जाणार होता. सौरभ पुढे आला. “सर, वो मैंने लिखा था. आजी को उनकी बोली में पढ़कर नहीं सुनाया. गलती मेरी है.”

साहेबांनी तो दहा डागांचा कागद पाहिला, मग नकळत स्वतःचा अंगठा पाहिला. हुकूम तिथंच झाला. मशीन जुळलं नाही तरी कार्ड पाहून धान्य द्यायचं, थांबलेला गहूही द्यायचा. तो समजून घेऊन देवकाबाईंनी त्याखाली माझ्या शाईनं अंगठा उठवला. बाहेर आल्यावर देवकाबाईंनी सौरभच्या डोक्यावरून हात फिरवला. थोडी जांभळी शाई त्याच्या केसांना लागली, ती त्यानं पुसली नाही.

सौरभ आता वकील आहे. आला की माझ्यावर शाईचे चार थेंब टाकतो. माझं फडकं मधोमध झिजलंय, शाई धरत नाही. पण तक्रार नाही. रजिस्ट्री ऑफिसात गेलो असतो तर जन्मभर उमटलो असतो, कशाखाली ते कधी कळलं नसतं. मला इथं आणणाऱ्या मॅडमचे आणि माझा ताठा उतरवणाऱ्या त्या गुळगुळीत अंगठ्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

दरवर्षी केंद्रात नवी पोरं येतात. पहिल्या दिवशी देवकाबाई खास बोलावलेल्या असतात, त्या मॅडमच्या खुर्चीत बसतात. मॅडम पोरांसमोर तेलुगूत लिहिलेला एक कागद ठेवतात आणि म्हणतात, “लावा अंगठे.” पोरं हसत हसत लावतात. मग देवकाबाई विचारतात, “सांग बाप्पा, काय लिहिलं हाय याच्यात?” आणि पोरं आपापल्या जांभळ्या अंगठ्याकडे बघतात.

यंदा गायत्री नावाची एक मुलगी रांगेत पहिलीच होती. तिनं अंगठा माझ्यापर्यंत आणला आणि ती थांबली.

“आधी वाचून दाखवा,” ती म्हणाली. “मला समजेल असं.”

देवकाबाईंनी हात लांब केला आणि माझं झाकण लावून टाकलं. त्या दिवशी माझ्यावर एकही अंगठा टेकला नाही. इतका आनंद मला कुठल्याच अंगठ्यानं दिला नव्हता.