मागची भिंत

फोटोग्राफरचं घर जुनं, लाकडी फळ्यांचं. फळ्या वाकल्या होत्या, रंगाचे पोपडे निघत होते. शेवटी त्याने बाहेरून फायबर सिमेंटचे तुकडे बसवून घ्यायचं ठरवलं. दिसायला लाकडासारखे, पण ना कुजणारे, ना वाळवी लागणारे. माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढवायचे, म्हणून मिस्त्री त्यांना खवलेच म्हणायचा.

तीन भिंती झाल्या आणि फोटोग्राफरची नजर रस्त्यालगतच्या गाडीच्या शेडवर गेली. नटलेल्या घराशेजारी ती अगदीच कळकट दिसत होती.

"उरलेले खवले शेडला लावा," तो म्हणाला.

"मग मागची भिंत?" मिस्त्रीने विचारलं.

"तिकडे कोण बघायला जातंय!"

मागच्या खोलीत त्याचे वडील राहायचे. खिडकी उघडी होती. त्यांनी ऐकलं असणार. बायको म्हणाली, "अहो, बाबांच्या खोलीत वारा शिरतो."

"पुढच्या वर्षी बघू," म्हणत त्याने विषय मिटवला आणि घराचा समोरून एक झकास फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

फोटो पाहून साडू बायकोला घेऊन आलाच. त्याचं नवं घर बांधून होत आलं होतं आणि बाहेरून काय लावायचं ते ठरत नव्हतं. साडू म्हणजे सगळं चाचपून बघणारा माणूस. त्याने भिंतीवर टकटक केलं, कडेला नख लावून पाहिलं.

"मानलं दादा! बडं घर, पण वासा पोकळ नाही!"

फोटोग्राफरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात साडू घराला वळसा घालून निघाला.

"अरे, चहा गार होईल," फोटोग्राफर मागून म्हणाला.

"होऊ दे की."

मागे जुन्या फळ्या तशाच होत्या. फटींत चिंध्या कोंबलेल्या. सर्वांत मोठ्या फटीवर खवल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला होता. त्यावर एका देखण्या घराचं चित्र. वडील स्टुलावर उभे राहून सुरीच्या टोकाने आणखी एक चिंधी आत सारत होते. साडूच्या मागोमाग आलेला फोटोग्राफर काम झाल्यापासून इकडे फिरकलाच नव्हता.

"हे काय, बाबा? इकडचं राहिलं वाटतं?" साडूने विचारलं.

वडील सावकाश खाली उतरले. "मीच नको म्हटलं. ठोकाठोकीनं डोकं उठतं माझं. हा किती मागे लागला, पण मी पडलो हट्टी."

"असं होय," साडू म्हणाला आणि उगाच खिशात रुमाल शोधू लागला. त्याला सगळं कळलं होतं, आणि कळलं नाही असं तो दाखवत होता.

फोटोग्राफरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांनी चार शब्द सुनावले असते, तर उलटून बोलता तरी आलं असतं. चहाच्या वेळी बायकोने त्याच्यापुढे कप ठेवला, पण वर बघितलं नाही.

पाहुणे गेल्यावर तो मागच्या खोलीत गेला. "बाबा, असं का सांगितलंत?"

"मग काय सांगायचं होतं?"

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

सकाळी त्याने मिस्त्रीला बोलावलं. "शेडचे खवले काढून मागे लावा."

"काढताना फुटतील. नवेच आणू, पण रंगात फरक पडेल."

"पडू दे."

काम चाललं तोवर वडील पुढच्या खोलीत राहिले. शेजारी डोकावून घराचं कौतुक करायचे. "पोरानं हौसेनं केलंय," वडील सांगायचे, आणि फोटोग्राफर काहीतरी निमित्त काढून आत सटकायचा.

भिंत पुरी झाल्यावर त्याने साडूला फोन लावला.

"त्या दिवशी बाबा म्हणाले ना, तसं नव्हतं. ते नको म्हणाले नव्हते. मीच..."

"माहीत आहे, दादा," साडू हळूच म्हणाला. मग म्हणाला, "मिस्त्रीचा नंबर द्या ना."

नंबर सांगताना तो दोनदा चुकला.