कधी न चाललेला बूट

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. जुना म्हटलं म्हणून झिजलेला समजू नका हं! माझा तळ आजही कोरा आहे, कारण माझ्यात कुणाचा पाय कधी गेलाच नाही. हसा, खुशाल हसा. पण मित्रांनो, परदेशात लांब उडीची अंतिम फेरी झाली तेव्हा मी मैदानावर होतो. तुम्ही कुठे होता?

आम्ही दोघं भाऊ एकाच कारखान्यात शिवले गेलो. लातूरच्या दुकानातून महानंदाबाईंनी आम्हाला त्यांच्या लेकीसाठी घेतलं. शिवगंगा तिचं नाव. उदगीरजवळच्या खेड्यात राहायची आणि शाळेत सगळ्यांच्या पुढे धावायची. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा होता. गावात टँकर आला की माणसं घागरी घेऊन तुटून पडायची. त्या झुंबडीत शिवगंगा पडली आणि टँकरचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. आमचं खोकं तेव्हा उघडलंही नव्हतं.

मग सुरू झाली खुर्ची. पोरगी दिसली की जो तो खुर्ची पुढे सरकवायचा. "बस गं माय, बस. बिचारी!" लग्नात खुर्ची, मठात खुर्ची, शाळेत खुर्ची. कृत्रिम पाय बसवून ती चालू लागली, तरी खुर्ची काही पाठ सोडेना. तिचा असा संताप व्हायचा! "मला पाय न्हाई म्हणून बसवतेत, का ह्यांना माझं उभं राहणं बघवत न्हाई?" ती आईला विचारायची. महानंदाबाई भाकरी थापत राहायच्या.

माझा भाऊ तिच्या उजव्या पायात झिजला, फाटला, गेला. मी तिच्या कृत्रिम पावलावर चढेना, म्हणून फडताळात पडून होतो. एक दिवस तिच्या मामाने, वीरण्णाने, मला पाहिलं. तो पाण्याचा टँकर चालवायचा. आमच्याकडे गाडीला नजर लागू नये म्हणून मागे एकटा बूट टांगतात. त्याने माझ्या नाडीची गाठ मारली आणि मला टँकरच्या मागे लोंबकळत ठेवलं. घ्या! नवा कोरा मी, आणि काम काय, तर लोकांच्या वाईट नजरा झेलायच्या. धूळ खात गावोगाव फिरलो. लई वाईट दिवस होते ते.

शाळेचे शेषेराव सर तेव्हा शिवगंगेला लांब उडी शिकवत होते. त्या वर्षीही दुष्काळाने तळं आटलं होतं आणि तळाची रेती उघडी पडली होती. तेवढीच काय ती दुष्काळाची मेहेरबानी! टँकर तिथून जाताना शिवगंगेने मला ओळखलं.

"मामा, सोड त्याला. माझा हाय तो."

"अगं येडे, एकट्या बुटाचं काय करतीस?"

"काम हाय त्याच्याकडं."

लांब उडी मारणारा आपली धाव जिथून सुरू करायची, तिथे खूण ठेवतो. जागा चुकली की पाऊल उडी घ्यायच्या फळीच्या पुढे पडतं आणि उडी बाद होते. शिवगंगेची खूण मी झालो. माझं नाक जिथे, तिथून तिची धाव. पुढे तिला स्प्रिंगसारखं लवचीक पातं असलेला धावायचा पाय मिळाला, ती राज्यात जिंकली, देशात जिंकली. मी प्रत्येक वेळी कडेला होतो.

आणि मग परदेशातली, दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धेची ती अंतिम फेरी. पंचबाईंनी मला पाहून भुवया चढवल्या आणि खुणेसाठी रंगीत पट्टी पुढे केली. "न्हाई. हाच," शिवगंगा मराठीतच म्हणाली. बाईंनी मला उचललं, कोरा तळ पाहिला, तिच्या पात्याच्या पायाकडे पाहिलं आणि पट्टी खिशात घालून मला तिच्या हातात दिलं.

पहिल्या तीन उड्यांत एक तरी धड व्हायला हवी, नाहीतर घरी जा. पहिली उडी घाईत बाद झाली. मग वाऱ्याने मी उलटा पडलो. पायताण उलटं दिसलं की घरात भांडण होतं, असं आमच्या आयाबाया सांगतात, म्हणून कुणीही आधी ते सरळ करतं. शिवगंगेनेही केलं. पण लक्ष दुसरीकडे, आणि तिने मला सरळ केलं ते वीतभर पुढे! मी आतल्या आत ओरडत होतो, अगं मागे, मागे! बुटाचं कोण ऐकतं? दुसरी उडीही बाद झाली.

ती रडवेली झाली. तेवढ्यात एक माणूस लगबगीने आला आणि त्याने तिच्यापुढे काय ठेवलं असेल? खुर्ची! सात समुद्र ओलांडून आलो तरी तीच. शिवगंगेचे डोळे असे पेटले की तो माणूस दोन पावलं मागे सरला.

कठड्यापलीकडून सोबत आलेले शेषेराव सर ओरडले, "गंगे, बूट उलटा पडला होता. सरळ कुणी केला?"

"मीच की!"

"कुठं ठेवलास ते बघ आधी!"

तिने टेप ओढून पुन्हा मोजलं. कपाळावर हात मारला आणि चक्क हसली. मला माझ्या जागी ठेवलं, वर बोटाने टिचकी मारली. मग ती अशी सुटली, पातं फळीवर असं बरोबर पडलं, की मी श्वासच रोखला. पांढरं निशाण वर गेलं. उडी धड! त्या उडीला शेवटपर्यंत एकच खेळाडू मागे टाकू शकली. शिवगंगेला रौप्यपदक मिळालं.

गावाकडे तेव्हा उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा होती. जिल्ह्याचा पत्ता नाही, पण वेशीत फलक लागला होता, 'नव्या जिल्ह्याची कन्या'. हार होते, हलगी होती, आणि सजवलेल्या ट्रॉलीत मधोमध मखमल टाकलेली खुर्ची होती.

"बस गं माय," सगळे म्हणाले.

शिवगंगेने पिशवीतून मला काढलं आणि खुर्चीवर ठेवलं. "ह्याला बसवा. हा जन्मात कधी चालला न्हाई. मी चालत येते."

मग महानंदाबाई लेकीच्या शेजारी येऊन चालू लागल्या, आणि त्यांच्या मागून सारा गाव. ट्रॉली राहिली सगळ्यांच्या मागे.

मित्रांनो, जोडीतला एकटा उरला म्हणून कुणाला टाकून देऊ नका. आणि चालणाऱ्याला खुर्ची दाखवू नका. खुर्चीवर त्या दिवशी मी बसलो होतो, मला विचारा. तिथून नुसती माणसांची पाठ दिसते.