डबीतली वस्ती

मित्रांनो, अख्खे महानगर पालथे घालायचे तर तुमच्या पायांचे तुकडे पडतील. माझ्याभोवती मात्र एक फेरी मारली की झाले! मी त्या महानगराची एक जुनी लाकडी प्रतिकृती आहे. विकास कार्यालयाच्या सभागृहात मधोमध मांडलेल्या टेबलावर माझा मुक्काम असतो. आज माझा रंग उडाला आहे आणि बंदरावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग पडला आहे. पण एके काळी माझा थाट बघण्यासारखा होता.

मला एका मिस्त्रीने घडवले. प्लायवूडचे थर एकावर एक चिकटवून त्याने उत्तरेचे डोंगर उभे केले. तिथून निघून खाडीला मिळणारी नदी निळ्या रंगाने काढली आणि वर वॉर्निशचा हात दिला. नदीच्या अलीकडे एकमेकांना खेटून बसलेले जुने शहर, पलीकडे सरळ रस्त्यांचे नवे शहर. खाडीच्या तोंडाशी बंदर, त्यामागे कारखाने आणि रुळांना धरून लांबवर गेलेली उपनगरे. घरे सगळी बुचाची. बंगले त्याने एकेक करून कोरले आणि चिमट्याने बसवले. गरिबांच्या वस्त्यांना एवढा वेळ कुठला? त्यांच्यासाठी बुचाचे बारीक तुकडे केले, जमिनीवर डिंक फासला आणि मुठीने पेरले.

मला पाहून मोठे साहेब खूश झाले. "झकास! आता उन्हातान्हात हिंडायची कटकट मिटली," म्हणाले. त्या दिवसापासून सगळ्या बैठका माझ्याभोवती उभ्याने होऊ लागल्या. साहेबांच्या हातात एक लांब काठी असे. ती टेकेल तिथे पूल, ती फिरेल तसा रस्ता. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ना, त्यातला प्रकार. माझ्यावर आधी काचेचे झाकण होते, पण काठी टेकवता येईना म्हणून साहेबांनीच ते काढायला लावले. मग धूळ बसू लागली. खोडकर हात नकोत म्हणून पाटीही लागली: 'हात लावू नये.' पाहुणे माझी वाहवा करत आणि मी फुलून जाई. खोटे कशाला बोलू?

माझी धूळ झटकायचे काम सफाईवाल्या मावशीकडे होते. ती पिसांचा झाडू हलकेच फिरवी. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्यावर आपले घर हुडकून काढले. कारखान्यांच्या खाली, नदीच्या शेवटच्या वळणावर, मुठीने पेरलेल्या वस्तीत. "हे बघ, हे आमचं. माझी लेक इथंच जन्मली," ती मलाच सांगायची. डोंगरांवरून तिचा झाडू एकदाच फिरे, बंगल्यांवरून एकदाच फिरे. आपल्या वस्तीवरून मात्र दोनदा, तीनदा. सर्वांत स्वच्छ तीच दिसली पाहिजे, असा तिचा हट्ट.

त्या मायेनेच घात केला. झटकून झटकून तिथलाच डिंक आधी सुटला आणि घरे खाली पडू लागली. ती टिपून मावशी औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवायची. तिने साहेबांना सांगितलेही. "मिस्त्री आला की बसवेल," साहेब म्हणाले. मिस्त्रीला काही बोलावणे गेले नाही. तिने स्वतः चिकटवायला काय हरकत होती? पण पाटीवर लिहिलेले ती मोडणारी नव्हती. अखेर नदीच्या वळणावर नुसता तपकिरी रंग उरला.

पुढे कचऱ्याचा प्रश्न पेटला. महानगराचा कचरा टाकायचा कुठे? प्रत्येक भागाला आपला कचरा जायला हवा होता, दुसऱ्याचा यायला नको होता. बैठक भरली आणि साहेबांची काठी माझ्यावरून हिंडू लागली. डोंगरात तलाव, म्हणून तिथे नको. नव्या शहरात साहेबांचा स्वतःचा बंगला, तिथे तर नावच नको. हिंडत हिंडत काठी शेवटच्या वळणावर आली आणि थांबली.

"अरे, ही जागा तर रिकामीच पडलीये की!"

सगळ्यांनी री ओढली. एकाने चाचरत विचारले, "सर, एकदा जाऊन बघायचं का?"

"बघायचं काय त्यात? समोर दिसतंय ना?"

मावशी पाण्याचे ग्लास घेऊन आली होती. ते तिने तसेच खाली ठेवले, धावत जाऊन डबी आणली आणि साहेबांपुढे उघडली. "साहेब, रिकामी नाही हो! आमची वस्ती आहे तिथं. झाडताना सुटली. मी सगळी जपून ठेवलीये, बघा ना."

साहेबांनी डबीत डोकावून पाहिले आणि त्यांना हसू फुटले. "मग बरंच झालं की, मावशी! घरं हलवायचं आमचं काम तुम्ही आधीच उरकलंत!"

साहेब हसले की सगळ्यांनी हसायचे, ही तिथली रीत. सभागृह दणाणून गेले.

त्यानंतर मात्र मिस्त्रीला लगेच बोलावणे गेले. कचऱ्याचा छोटासा रंगवलेला डोंगर घेऊन तो आला, भरपूर डिंक लावला आणि इकडेतिकडे पाहून म्हणाला, "मावशी, जरा दाबून धरा. वाळेपर्यंत हलवू नका."

तिला मला हात लावायची परवानगी मिळाली ती अशी. आपल्या घरावर तळवा ठेवून ती उभी राहिली. सांगितलेले काम नीट करायची तिला सवय होती. मला तिचा हात गरम लागला. मी लाकडाची, मी काय करणार?

"पक्कं बसलं बघा," मिस्त्री म्हणाला. "आता कितीही झाडा, सुटायचं नाही."

वस्ती उठली. मावशीला उशीर होऊ लागला. एकदा साहेबांनी विचारले, "आता राहता कुठे?" ती माझ्या कडेशी आली. डोंगर संपले, माझी चौकट संपली, तरी हात लांब करून तिने पलीकडची हवा दाखवली. "इथं. म्हणजे, अजून पुढं."

"मग उशीर होणारच," साहेब म्हणाले आणि लवकरच त्यांनी जवळ राहणारी दुसरी बाई ठेवली.

मित्रांनो, म्हातारपणी सगळे म्हणतात, माझी काळजी घ्या. मला काही नको. माझ्यावर खुशाल कप ठेवा. फक्त कुणी बोट ठेवून "इथे काहीच नाही" म्हणाले, की तिथवर एकदा पायी जाऊन या.

जाताना मावशी ती डबी माझ्या पायाशी ठेवून गेली होती. मिस्त्री कधी आला तर बसवेल, ही वेडी आशा. नव्या बाईने पहिल्याच दिवशी खोली लख्ख झाडून काढली. आमच्या कार्यालयाचा कचरा नदीच्या शेवटच्या वळणावर जातो. मावशीची वस्ती अखेर आपल्या जागी पोचली.