एकशे सत्तरचे सत्तर

बाबांचा शेवटचा दिवस इतर कुठल्याही मंगळवारसारखाच गेला. सकाळी दुकान उघडल्यापासून त्यांनी नऊ चष्मे नीट करून दिले, आणि त्यांतले सहा आपल्या दुकानातले नव्हतेच. कोणाची दांडी सैल, कोणाचा स्क्रू हरवलेला, कोणी आपल्याच चष्म्यावर बसलेलं. बाबा बारीक पकडीने दांडी वळवायचे, चष्मा नाकावर चढवून "आता मान हलवा, अजून हलवा" म्हणायचे, आणि पैसे विचारले की हातानेच नको म्हणून पुढच्याला बोलवायचे.

लेक काउंटरमागून हे बघत होती आणि धुमसत होती. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून ती दुकानात आली ती दुकानाला शिस्त लावायला. छापील फॉर्म तिचेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून नंबर फॉर्मवर उतरवायचा आणि फॉर्म आतल्या खोलीत काच कापणाऱ्या काकांकडे द्यायचा, ही पद्धतही तिचीच.

"बाबा, लोक चष्मा कोपऱ्यावरच्या शोरूममधून घेतात आणि स्क्रू पिळायला आपल्याकडे येतात. आपण काय त्यांचे बांधलेले आहोत?"

"अगं, दुखतं ते नाक. चष्मा कुठल्या दुकानाचा, हे नाकाला काय ठाऊक?"

काउंटरवरची मावशी फिस्सकन हसली. तिला दुकानात सगळे ‘रेडिओ’ म्हणत, कारण ती फक्त वीज गेल्यावर गप्प बसे.

दुपारी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आल्या. त्यांनी नवा चष्मा काउंटरच्या काचेवर आपटलाच. "हा घालून जिना उतरले तर पायऱ्या तिरक्या! काल पडता पडता वाचले."

काही डोळ्यांना नंबराबरोबर एक कोनही लागतो. काच त्या कोनात बसली नाही, तर सपाट जमीनसुद्धा कलंडलेली दिसते. हे लेकीला पक्कं माहीत होतं, म्हणून तर तिचा पारा चढला.

"काका, जरा बाहेर या!" सगळ्या गिऱ्हाइकांदेखत ती म्हणाली. "तीस वर्षं काच कापताय ना? साधा कोन बघून बसवता येत नाही? कोणाचे हातपाय मोडले असते म्हणजे?"

काकांनी हातातला फॉर्म पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा खुर्चीवरून उठले.

"बाई, चूक माझी. शेवटी तपासून देणं माझं काम. नवा चष्मा दोन दिवसांत घरपोच येईल."

बाई निवळल्या. त्या गेल्यावर लेक फणकारली, "तुम्ही कशाला खोटं बोललात?"

"काउंटरच्या बाहेर चूक मालकाची. आत ज्याची त्याची. आत काय ते मी नंतर बघेन."

दुकानात एवढा एकच कायदा होता, आणि तो तिला कायम भाबडेपणाचा वाटत आला होता.

संध्याकाळी कागद लावताना तिला बाईंची चिठ्ठी सापडली. कोनाच्या जागी डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात एकशे सत्तर लिहिलं होतं. फॉर्मवर मात्र तिच्या स्वतःच्या हाताने सत्तर उतरलं होतं. काकांनी फॉर्मवर होतं तेच अचूक कापलं होतं. तिचे कान तापले. काका निघून गेले होते, बाबा शटर ओढत होते. उद्या सांगू, असं म्हणून तिने चिठ्ठी फाइलमध्ये सरकवली.

पहाटे बाबांचं हृदय थांबलं.

दोन आठवड्यांनी दुकान उघडलं, तेव्हा बाईंचा चष्मा काकांनी फाइलमधल्या चिठ्ठीवरून केव्हाच बनवून घरी पोचवला होता. त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. फक्त एक बदल झाला. तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून "काय गं छोटे" म्हणणारे काका आता तिला "मॅडम, तुम्ही" म्हणू लागले. त्या ‘तुम्ही’मध्ये आदर शोधूनही सापडला नसता.

मग तिने काय करायचं बाकी ठेवलं? माणसं कशी जोडावीत यावरची सहा पुस्तकं वाचली. गिऱ्हाइकांना वाढदिवसाचे निरोप पाठवले. एक निरोप अशा गृहस्थांना गेला, की ज्यांना जाऊन वर्ष झालं होतं. भिंतीवर ‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ असा फलक लावला.

"आहोत दोघं," रेडिओ म्हणाली. "आळीपाळीने उत्तम व्हायचं का?"

पहिला मान काकांना दिला. ते "धन्यवाद, मॅडम" म्हणाले आणि आत जाऊन मशीन सुरू केलं.

तिने बाबांसारखी फुकटात दांडी वळवायला घेतली, तर एका आजोबांची दांडी कटकन हातातच आली. "असू दे पोरी. साहेब असते तर..." आजोबा म्हणाले. हे ‘साहेब असते तर’ ऐकून ऐकून तिच्या डोक्याचा भुगा झाला होता. साहेब असते तर तीही या खुर्चीत नसती, हे कोणाच्याच लक्षात येत नव्हतं!

तिसऱ्या महिन्यात काकांनी राजीनामा ठेवला. कोपऱ्यावरची शोरूम त्यांना बोलावत होती. त्यांच्यामागे आतल्या मशीनला हात लावणारं कोणी नव्हतं. काका गेले तर फ्रेमा विकणारं एक दुकान उरणार, बस.

"पगार वाढवते."

"पगाराचं नाही, मॅडम."

"मग कशाचं आहे? भांडा माझ्याशी, पण एकदा तोंडाने बोला तरी!"

काका काच पुसत राहिले. तिला ओरडावंसं वाटलं. कशाचं आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि जीभ होती की हलत नव्हती.

काकांच्या शेवटच्या शनिवारी शाळेच्या बाई शेजारणीला घेऊन आल्या. दुकानात चार माणसं होती. आतल्या दारात काका आपली अवजारं पिशवीत भरत होते.

"हिला वाचायचा चष्मा हवाय," बाई म्हणाल्या, "पण या खेपेला सांभाळून हं. मागे तुझ्या बाबांनी माझ्या चष्म्याचा घोळ घातला होता. बिचारे! वय झालं होतं, हात थरथरत असणार."

पिशवीतला खडखडाट थांबला. रेडिओसुद्धा गप्प.

"चूक आमचीच," एवढं म्हणूनही भागलं असतं. मालकाने तसं म्हणायचीच या दुकानाची रीत. कोणाला काही कळलं नसतं. लेकीने काउंटरची कड घट्ट धरली.

"बाई, बाबांचा हात कधीच थरथरला नाही," ती म्हणाली. आवाज फाटला, तशी ती पुन्हा पहिल्यापासून बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बाबांचा हात कधीच थरथरला नाही. त्यांनी तुमच्या काचेला हातही लावला नव्हता. डॉक्टरांनी एकशे सत्तर लिहिलं होतं, मी सत्तर उतरवलं. काकांनी माझ्या कागदावर होतं ते बरोबर कापलं, आणि मीच त्यांच्यावर तुमच्यासमोर ओरडले." मग ती आतल्या दाराकडे वळली. "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, काका. मी गप्प बसले. बाबांनाही सांगितलं नाही. चूक माझी होती."