साडेसात फूट

दादाने माझ्या दिराच्या तोंडावर ठोसा मारला तेव्हा दिराच्या हातात मातीचा अहवाल होता. कागद रक्ताने भिजला, चष्मा आखणीच्या फक्कीत पडला. दिरानेही वाकून वीट उचलली आणि दादाच्या खांद्यात घातली. माझ्या घराचा पाया असा सुरू झाला.

भांडण पायाच्या खोलीचं होतं. दादा माझा सख्खा मोठा भाऊ, तीस वर्षं मिस्त्री. त्याने प्लॉटवर चार ठिकाणी खणून पाहिलं, पाच फुटांवर पहार उडाली. कडक लागलं, पाया इथंच रुंद घ्यायचा, असं त्याचं मत. दीर माती तपासणारा इंजिनिअर. तो म्हणे, हा जुना भराव, वाळलाय म्हणून कडक. त्याच्याखाली गाळ आहे आणि खरा खडक दहा फुटांवर. दहा फूट खणा, खड्ड्याच्या भिंतींना फळ्या आणि टेकू लावा, मगच माणूस उतरवा.

पायाला फळ्या लावणारा मिस्त्री आपण अजून पाहिला नाही, असं दादा म्हणाला. न लावणारे फार दिवस पाहायला मिळत नाहीत, असं दीर म्हणाला. ठोसा त्यावर बसला.

माझा नवरा परगावी नोकरीला. त्याने फोनवर "तू बघ" म्हटलं आणि सुटला. घर पाहावं बांधून, असं जिने म्हटलं तिचा भाऊ मिस्त्री आणि दीर इंजिनिअर नसावा. मी फावडं उचलून दोघांच्या मध्ये शिरले. दांडा आधी दिराच्या मांडीवर बसला, मग दादाच्या कोपरावर. खरं सांगते, बरं वाटलं.

दोघं कळवळत खाली बसल्यावर मी वाटणी केली. घरातलं कुठलंही भांडण मी असंच मिटवत आले आहे. एकाचे पाच, दुसऱ्याचे दहा, तर साडेसात खणायचं. खोली वाढली की भाऊजींचा मान राहील, फळ्या नसल्या की दादाचा.

दोघंही नको म्हणाले. त्यांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"वहिनी, एक वेळ पाच चालेल," दीर म्हणाला. "साडेसात म्हणजे नेमका गाळ."

"पाचाच्या खाली जायचं तर मग फळ्या लाव, पोरी," दादा म्हणाला.

मी डोक्यात राख घालून घेतली होती. घर माझं आहे, म्हटलं, ज्याला पटत नाही त्याने परत तोंड दाखवू नये. दादाला भित्रा म्हटलं, तेही मजुरांसमोर.

तिसऱ्या दिवशी खड्डा साडेसातला टेकला. तळाशी पाणी पाझरत होतं आणि मजूर उतरेनात. दादा माझ्याकडे न बघता उतरला. त्याच्यामागे दीर उतरला आणि कॉलर धरून त्याला शिडीकडे ओढू लागला. दादाने कोपर हाणून त्याचं नाक फोडलं. दीर सोडेना. चिखलात दोघांची गुद्दागुद्दी चालली असताना खड्ड्याची एक भिंत खालून फुगली. दादाला ती दिसली असावी, कारण त्याने मारायचं थांबवलं आणि दोन्ही हातांनी दिराला शिडीवर ढकललं. मग सगळी माती खाली आली.

दीर हातांनी उकरत होता. त्याची दोन नखं निघाली. घाईत एका मजुराचं फावडं दादाच्या गालावर बसलं आणि गाल फाटला. दादा हललाही नाही. त्यावरून आम्हाला कळलं.

खड्ड्याच्या काठावर हवालदार लिहून घेत होता. घरातच दोन जाणती माणसं असताना साडेसात फूट कुणाच्या सल्ल्याने खणलं, असं त्याने विचारलं.

"माझ्या," दीर म्हणाला. त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

मी त्याच्या थोबाडीत मारली, त्याच सुजलेल्या तोंडावर. त्याने मान खाली घातली आणि तो तसाच उभा राहिला.

"त्याचा सल्ला दहाचा होता," मी हवालदाराला सांगितलं. "माझ्या भावाचा पाचाचा. साडेसात माझे आहेत. तसं लिहा."