कोवळा होया

समुद्रात दोराला धरून वाढणारा लाल, गाठाळ होया, जपानी किनाऱ्यावरचा एक समुद्री जीव, खाण्याजोगा व्हायला तीन वर्षं घेतो. तेवढा धीर गावात सगळ्यांना होता. किनुएच्या नवऱ्याला, तात्सुझोला, तेवढा नव्हता. त्सुनामीनं त्याचा थोरला भाऊ नेला, तेव्हापासून 'पुढच्या वर्षी' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. आदल्या संध्याकाळी भाऊ म्हणाला होता, दोर उद्या आवरू. त्याचा उद्या काही उजाडला नाही.

मग जमीन जराशी हलली, की तात्सुझो सुरी घेऊन होडीत चढायचा आणि हाताला लागेल तो माल कापून आणायचा. दोनदा त्यानं कोवळा होया असा मातीमोल विकला. किनुए भांडली, रडली, शेवटी गप्प बसली. त्याला कळत नव्हतं असं नाही. कळूनही हात थांबत नव्हता. आता दोन वर्षांचं तिसरं पीक पाण्यात होतं. हेही गेलं तर दोर विकून धंदाच सोडू, असं तोच म्हणाला होता.

आज न्याहारीला भांडी खडखडली. लाटेचा इशारा नव्हता, तरी तात्सुझो भाताचा वाडगा तसाच ठेवून निघाला. किनुए धक्क्यावर जाऊन उभी राहिली.

"गेले का तुझे कापणीला?" शेजारची तोमे जाळं शिवता शिवता म्हणाली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

किनुए होडीच्या वाटेकडेच बघत राहिली.

होडी परतली. तिनं आत डोकावलं, तर तळाशी एकच होया. तात्सुझोनं तो तिथेच चिरला. एक फोड त्यानं तिच्यापुढे धरली.

"कोवळा आहे ना गं?"

"कोवळाच आहे."

"मग राहू दे बाकीचे."

किनुएला हायसं वाटलं आणि तिनं होडीचा दोर धक्क्याच्या खुंटाला घट्ट बांधला. तोमेनं मान खाली घालून टाके मोजल्यासारखं केलं.

घरी आल्यावर किनुएनं उरलेली फोड देव्हाऱ्यात थोरल्या दिरांच्या फोटोपुढे ठेवली. तात्सुझो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"दादा, आज एवढाच," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी मोठा देतो."