दिवसाचा चंद्र

लॉन्सेस्टनच्या जुन्या नाट्यगृहात आता पडदे रंगवत नाहीत. रंगमंचाच्या मागे दिव्यांची भलीमोठी भिंत उभी केलीय. बटण दाबलं की डोंगर, बटण दाबलं की समुद्र. विननं हेच काम चाळीस वर्षं ब्रशानं केलं होतं, त्यामुळे भिंतीचं नाव काढलं की ती नाक मुरडायची. पण आज तिला यावंच लागलं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, क्लेमनं, रंगवलेला शेवटचा पडदा बुरशीनं कुजला होता आणि उद्या कचऱ्याच्या गाडीत जाणार होता. भिंत सांभाळणाऱ्या ब्रॉन्विननं त्याचे फोटो काढून ठेवले होते. क्लेमला जाऊन तीन वर्षं झाली होती. आता त्याच्या हातचं जे काही उरणार, ते या भिंतीवरच.

"आणू?" ब्रॉन्विननं विचारलं.

भिंत उजळली. टेमर नदी, करडे डोंगर, वर दुपारचं आभाळ. विनला भरून आलं. मग ती आभाळात काहीतरी शोधू लागली.

"चंद्र कुठाय गं?"

"भर दुपारी? काहीतरीच काय, विन."

"डावीकडे, झाडाच्या वर. फिकट गोल होता."

"तो होय! मला ओलीचा डाग वाटला. असे साठ-सत्तर पुसलेत मी फोटोतून, दोन दिवस मोडले त्यात."

विननं पुन्हा त्या रिकाम्या आभाळाकडे पाहिलं. खरं सांगावं तर क्लेमची इतक्या वर्षांची झाकली मूठ उघडायची. न सांगावं तर तो चंद्र कायमचा गेला.

"डागच होता तो," ती शेवटी म्हणाली. "चहाचा." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

त्या काळी पडदा जमिनीवर अंथरायचा आणि पायात नुसते मोजे घालून, लांब दांड्याच्या ब्रशानं रंगवायचा. पडद्यावर कप आणायचा नाही, हा नियम क्लेमनंच कामाच्या खोलीत लिहून लावला होता. आणि एका दुपारी त्यानंच विनसाठी चहा आणला आणि ठेवला थेट आभाळात. पाचला दिग्दर्शक यायचा होता. विननं त्याची बिनपाण्यानं केली. क्लेमनं मुकाट्यानं त्या वर्तुळावर पातळ पांढरा रंग फिरवला आणि म्हणाला, "घे बाई, दिवसाचा चंद्र." दिग्दर्शकाला नेमका तोच आवडला. विन मात्र उरलेला दिवसभर त्याच्याशी बोलली नाही, आणि तो चहा तसाच गार झाला.

ब्रॉन्विन हसली नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली, पुसलेलं एकेक परत आणून पाहिलं. थोड्या वेळानं झाडाच्या वर चंद्र उगवला.

"खालच्या बाजूला जरा तुटलाय. जोडून टाकू? एका मिनिटाचं काम."

"हात लावू नकोस. त्या कपाच्या बुडाला टवका होता."

ब्रॉन्विननं हात मागे घेतला. विन बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिली. तिला आत्ता एक कप चहा हवा होता, आणि तो नको तिथं आणून ठेवणारा माणूस.